माशांची नावे आणि कॅसलनचे अक्षर : एका मत्स्यकोशाच्या अक्षरजुळणीचे प्रकरण

मालवणातील एका जुन्या वाचनालयाने किनाऱ्यावर मिळणाऱ्या माशांच्या स्थानिक नावांचा छोटा कोश छापायचे ठरवले, तेव्हा त्याची अक्षरजुळणी आणि मांडणी माझ्याकडे आली. सभासदांनी वाड्यावाड्यांत आणि बंदराबंदरांत फिरून ही नावे जमवली होती. प्रत्येक नोंदीत आधी मालवणकडचे नाव, मग त्याच माशाला रत्नागिरीकडे आणि रायगडकडे काय म्हणतात ते, त्यानंतर रोमन लिपीत शास्त्रीय नाव आणि त्याखाली माशाचा आकार, हंगाम, तो रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, येतो की खोल पाण्यातल्या जाळ्यात, अशी मराठीतली माहिती होती. डेमी आकाराची ११२ पाने, म्हणजे १६ पानी ७ फॉर्मे (एकत्र छापून घडी घालायचे ताव), ७० जीएसएम वजनाचा, लेप नसलेला नॅचरल शेड मॅपलिथो कागद, एका रंगातली ऑफसेट छपाई आणि ५०० प्रती, एवढाच या कामाचा पसारा. जून आणि जुलैच्या मासेमारीबंदीत नावा किनाऱ्यावर असतात आणि जाणत्या मंडळींना प्रूफ वाचायला सवड मिळते, म्हणून ते दोन महिने तपासणीसाठी धरले होते. पुस्तक नारळी पौर्णिमेला हातात यायला हवे होते.

पुस्तक लहान असले तरी त्यातल्या एका प्रश्नाने माझा निम्म्याहून अधिक वेळ घेतला. मराठी मजकुराच्या मधोमध, जवळजवळ प्रत्येक नोंदीत येणारी ही तिरपी रोमन नावे कोणत्या अक्षरात बसवायची, हा तो प्रश्न. तो कसा उभा राहिला, कोणकोणते टाइप पाहिले, कुठे चुकलो आणि शेवटी विल्यम कॅसलन या इंग्रज कारागिराच्या अक्षरघराण्यातले सेरिफ (टोकांना छोटे पाय असलेले) अक्षर का पक्के केले, हे येथे सविस्तर लिहितो. स्मरणिका, ग्रामेतिहास, वनस्पतींच्या आणि पक्ष्यांच्या याद्या अशा कामांत आमच्या जिल्ह्यातल्या जुळणीकारांना हीच अडचण वारंवार येते, आणि बहुतेक वेळा वेळेअभावी ती तशीच पुढे ढकलली जाते.

पहिले प्रूफ

मजकूर वर्डच्या फाइलीत आला होता. त्यातली देवनागरी मंगलमध्ये आणि रोमन टाइम्स न्यू रोमनमध्ये होती. वाचनालयाच्या कार्यवाहांनी "आहे तेच ठेवा, खर्च वाढायला नको" असे सुचवले आणि मीही पहिले प्रूफ तसेच काढले. ते तिघांनी वाचले. एक होत्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे गाव बाई म्हणते. दुसरे रापणीवर आयुष्य काढलेले एक वयस्कर तांडेल, म्हणजे नावेचे म्होरके. तिसरी प्राणिशास्त्र शिकणारी महाविद्यालयातली विद्यार्थिनी, जिच्यावर शास्त्रीय नावे तपासण्याची जबाबदारी होती.

तिघांच्याही तक्रारी वेगवेगळ्या निघाल्या. बाई म्हणाल्या, "अहो, हे इंग्रजी शब्द पानावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. मासा राहतो बाजूला, नजर आधी तिकडेच जाते." तांडेलांनी एका नोंदीतला 'तिसर्या' हा शब्द मोठ्याने वाचला, थांबले आणि "ह्यां काय?" एवढेच विचारले. विद्यार्थिनीने हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीच्या नावावर बोट ठेवले. ते प्रजातीनाम स्फिर्ना आहे. रोमन लिपीत लिहिताना त्यात आर आणि एन ही अक्षरे शेजारी येतात, आणि प्रूफात ती इतकी चिकटली होती की तिने तो एम समजून तीनदा चुकीची खूण केली होती.

बाईंचे म्हणणे मला आधी निव्वळ आवडीनिवडीचे वाटले होते. प्रूफ हातभर लांब धरून, डोळे किलकिले करून पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे दिसले. मंगल हा र. कृ. जोशी यांनी संगणकाच्या पडद्यासाठी घडवलेला फाँट आहे. त्याच्या रेषांत जाड-बारीक फरक थोडा आहे आणि पडद्यावर तो आपले काम चोख करतो, परंतु माझ्या प्रूफाच्या कागदावर त्याची राखाडी छटा फिकी पडत होती. त्या फिक्या पानावर टाइम्सची दाटीवाटीने बसलेली काळी नावे ठिपक्यांसारखी उठून येत होती.

जाड-बारीक रेषांचा हिशेब

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाशी आलेला छोटा पाय किंवा शेपूट, एवढे बहुतेकांना ठाऊक असते, पण पारंपरिक सेरिफ अक्षराचा स्वभाव केवळ त्या पायात नसतो. तो जाड आणि बारीक रेषांमधल्या फरकात, त्या जाडीचा कल कोणत्या बाजूला झुकतो यात, आणि अक्षरांच्या पोटातल्या व दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतही असतो. रोमन अक्षरे रुंद टोकाच्या लेखणीने लिहिली जात, त्यामुळे जुन्या वळणाच्या सेरिफमध्ये गोल अक्षराची सर्वांत बारीक जागा थोडी तिरकी येते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही तिरकी बैठक हळूहळू सरळ होत गेली आणि जाड-बारीक रेषांतला फरक वाढत गेला. शतक संपता संपता फ्रान्समधल्या दिदो आणि इटलीतल्या बोदोनी यांच्या अक्षरांत बारीक रेषा केसासारखी झाली.

देवनागरी बोरूने घडली. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरके कापतात, म्हणून आपल्या अक्षरांत जाडी वेगळ्या कलाने पडते. दोन्ही लिप्यांची जाडी एकाच दिशेला नेण्याचा प्रयत्न त्यामुळे व्यर्थ असतो. देवनागरीला रोमनसारखे पायही नाहीत. ओळीला बांधून ठेवण्याचे जे काम रोमनमध्ये खालच्या पायांची रांग करते, ते आपल्याकडे शिरोरेषा करते. देवनागरी अक्षर वरून लोंबते आणि रोमन अक्षर खाली उभे राहते, आणि एकाच ओळीत हे दोघे आले की वाचकाची नजर वरच्या रेषेवरून खालच्या रेषेवर उतरते आणि पुन्हा वर चढते. हा चढउतार टाळता येत नाही, परंतु तो वाचकाला जाणवू न देणे जुळणाऱ्याच्या हातात असते. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक म्हणजे दोन्ही लिप्यांतल्या जाड-बारीक रेषांतल्या फरकाचे प्रमाण, आणि दुसरी म्हणजे पानावर उमटणारी एकंदर राखाडी छटा. मी निवड याच दोन कसोट्यांवर करायची असे ठरवले.

आधी देवनागरी

रोमन अक्षर शोधण्याआधी देवनागरी पक्की करणे भाग होते. वाचकांची नजर कोणत्या अक्षरावर घडली आहे हे पाहण्यासाठी मी वाचनालयाच्या जुन्या कपाटांत एक पूर्ण दुपार घालवली. जावजी दादाजी चौधरी लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला लागले, १८६४ मध्ये त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी त्या टाइपाचे ठसे कोरले. हे अक्षर पोथ्या, पंचांगे आणि शालोपयोगी पुस्तके यांच्या वाटेने घरोघर पोहोचले आणि कित्येक पिढ्यांना देवनागरी म्हणजे हेच रूप वाटू लागले. त्यातला अ, झ, ण आणि ५, ८, ९ हे अंक यांचे मुंबई वळण बाईंच्या वयाच्या वाचकांना आजही सरावाचे आहे.

त्याच कपाटात 'अि, अी, अु' अशी अ ची बाराखडी वापरून छापलेली जुनी पुस्तकेही होती. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि या लिपिशुद्धीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. टाइपांची संख्या कमी व्हावी हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्यांनीही देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे सुटे टाइप, कमी करण्यासाठी बरीच खटपट केली होती. यंत्राच्या सोयीसाठी अक्षर किती वाकवायचे, हा प्रश्न आमच्या किनाऱ्याला नवा नाही, असे ती पुस्तके चाळताना मनात आले.

शेवटी मी जाड-बारीक रेषांत स्पष्ट फरक असलेला, जुन्या वळणाचा, मुक्त परवान्याचा एक युनिकोड फाँट घेतला. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठी पद्धतीचे ल आणि श त्यात होते, ही अट मी सोडली नाही. 'तारली' आणि 'शिवल्या' हे शब्द ज्या पुस्तकात वारंवार येणार, त्यात ही दोन अक्षरे परकी दिसून चालले नसते. या फाँटमध्ये रोमन अक्षरेही होती, पण त्यांना तिरपी जोड नव्हती. प्राण्यांच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होतो, दुसरा पूर्ण लहान अक्षरांत असतो आणि दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत छापण्याचा परिपाठ आहे. संगणकाने सरळ अक्षरच ढकलून तिरके केले, तर ते खरे इटॅलिक होत नाही. खऱ्या इटॅलिकमध्ये ए, ई, एफ यांची घडणच वेगळी असते आणि शब्द अरुंद होऊन हाताने लिहिल्यासारखा वाहतो. त्यामुळे रोमनसाठी स्वतंत्र कुळ शोधणे आले.

पाच उमेदवार

मी एकच पान पाच वेळा जुळवले. त्यात बांगडा (रास्ट्रेलिगर कानागुर्टा), तारली (सार्डिनेला लाँगिसेप्स), बोंबील (हार्पाडॉन नेहेरियस) आणि ती स्फिर्ना एवढ्या चार नोंदी घेतल्या. देवनागरी पाचही वेळा तीच ठेवली आणि फक्त रोमन बदलत गेलो.

टाइम्स न्यू रोमन पहिल्या फेरीतच मागे पडला. स्टॅन्ले मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंट यांनी हे अक्षर लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रासाठी रेखाटले आणि ते ३ ऑक्टोबर १९३२ पासून तेथे वापरात आले. वृत्तपत्राच्या अरुंद रकान्यात जास्तीत जास्त मजकूर मावावा हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने उत्तम साधला. मोकळ्या बसणाऱ्या देवनागरीशेजारी मात्र तीच काटकसर दाटी होऊन दिसते. आर आणि एन चिकटण्याचे मूळही त्यातच होते.

बोदोनी पडद्यावर देखणा दिसला, पण मॅपलिथोवर त्याच्या केसाएवढ्या रेषा टिकणार नाहीत हे पाहता क्षणीच कळत होते. त्यावर वेळ घालवला नाही.

गॅरामाँचे अक्षर मला मनापासून आवडते. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या त्या घडणीत एक शांतपणा आहे. परंतु माझ्याकडच्या प्रतीत त्याच्या लहान अक्षरांची उंची कमी आणि इटॅलिक बारीक व अरुंद होते. कानागुर्टासारखे नाव शिरोरेषेखाली अगदी खोल जाऊन बसले आणि ओळीत खड्डा पडल्यासारखे वाटले. मापाचा आकडा वाढवून पाहिला, तर कॅपिटल अक्षर शिरोरेषेच्या वर डोके काढू लागले.

बास्करव्हिलपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी या अक्षरात १७५७ साली व्हर्जिलचे काव्य छापले. अक्षराच्या बारीक रेषा स्वच्छ उमटाव्यात म्हणून त्यांनी शाई सुधारली, गुळगुळीत विणीचा कागद वापरला आणि छापलेले पान तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून काढले. अक्षर, शाई आणि कागद या तिन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींसाठी घडवल्या होत्या. माझ्याकडे त्यातले फक्त अक्षर होते. कागद खरखरीत आणि शाई पिणारा, छपाई जुलैची, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखातली. लेझर प्रिंटरच्या पानावर बास्करव्हिल पाचांत सर्वांत सुंदर होता आणि तरीही तो मी बाजूला ठेवला. हा निर्णय मला सोपा गेला नाही.

कॅसलन

विल्यम कॅसलन यांचा जन्म १६९२ चा. बंदुकीच्या चापांवर आणि नळ्यांवर नक्षी कोरणारा हा कारागीर लंडनमध्ये ठसे कोरण्याकडे वळला, आणि त्याच्या पहिल्या मोठ्या कामांत रोमन नव्हे तर अरबी लिपीचा टाइप होता. आपल्या अक्षरांचा प्रसिद्ध नमुनातक्ता त्याने १७३४ मध्ये छापला. डच टाइपांच्या वळणावर बेतलेले हे अक्षर पुढे इंग्लंडात आणि अमेरिकन वसाहतींत इतके रुळले की १७७६ मध्ये जॉन डनलॅपने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला तो याच अक्षरात. कॅसलनच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या जोसेफ जॅक्सनने पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे माजी नोकर विल्यम बोल्ट्स यांच्यासाठी बंगाली टाइप कोरण्याचा प्रयत्न केला. तो फसला खरा, पण हिंदुस्थानी लिप्यांच्या टाइपाचा एक धागा कॅसलनच्या त्या कारखान्यापर्यंत जातो, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा आरंभ स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांच्या 'सिस्टिमा नॅचुरे' या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरतात. माशांना अशी नावे मिळू लागली, तेव्हा कॅसलन हयात होता.

इतिहासावरून निवड केली नाही, पण तो या निवडीच्या आड आला नाही, एवढे खरे. निवड झाली ती अक्षराच्या स्वभावावरून. कॅसलनचे एकेक अक्षर सुटे करून भिंगाखाली पाहिले तर त्यात विशेष डौल नाही. कॅपिटल ए च्या शेंड्याला खोबण आहे, कॅपिटल अक्षरे जरा धिप्पाड आहेत, मूळ इटॅलिकमध्ये सगळ्या कॅपिटलांचा कल सारखा नाही. पण शब्द जुळला की ही विषमता एकमेकांत मिसळते आणि ओळीला एक सलग, उबदार छटा येते. जाड-बारीक रेषांतला फरक मध्यम आहे. पाय बळकट आहेत आणि दांड्याला हलक्या कंसाने जोडलेले असल्यामुळे टोकाशी तुटत नाहीत. हे अक्षर हाताने बनवलेल्या, ओलावून घेतलेल्या कागदावर लाकडी दाबयंत्राने छापण्यासाठी घडले होते, जिथे शाई थोडी पसरणार हे गृहीतच धरलेले असे. आमच्या कागदावरही शाई पसरतेच. बास्करव्हिलला जी गोष्ट मारक, ती कॅसलनने आधीच पचवलेली होती.

कॅसलनच्या आज अनेक संगणकीय आवृत्त्या आहेत. कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी अडोबीसाठी १९९० मध्ये केलेली आवृत्ती विख्यात आहे. मी पाब्लो इम्पालारी यांची लिब्रे कॅसलन घेतली, कारण ती मुक्त परवान्याची आहे, वाचनालयाला तिच्यासाठी पैसे मोजावे लागणार नव्हते, आणि तिच्यात लहान अक्षरांची उंची मूळ कॅसलनपेक्षा जास्त ठेवलेली असल्यामुळे देवनागरीच्या अंगलटीला ती अधिक जवळ जाते.

येथे माझ्या हातून एक चूक झाली आणि तिने आठवडा खाल्ला. या कुळाचे टेक्स्ट आणि डिस्प्ले असे दोन प्रकार आहेत. घाईत मी सरळ अक्षरांसाठी डिस्प्ले उतरवून घेतला. पडद्यावर मोठे करून पाहताना तो जास्त रेखीव दिसला, म्हणून शंकाही आली नाही. कुडाळच्या छापखान्यात एका फॉर्म्याची चाचणी छपाई केली, तेव्हा नोंदींखाली सरळ रोमनमध्ये दिलेल्या इंग्रजी नावांतल्या ई अक्षराची आडवी रेष जागोजागी तुटली होती आणि तो सी वाटत होता. खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कोरत. लहान मापाचे अक्षर मुद्दाम जाडसर, रुंद आणि सुटे घडवत, मोठ्या मापाचे नाजूक. संगणकात एकच आराखडा हव्या त्या मापाला ताणता येतो, म्हणून हा भेद आपण विसरत चाललो आहोत. डिस्प्ले प्रकार मोठ्या मथळ्यांसाठी आहे, ११ पॉइंटसाठी नव्हे, हे मला ठाऊक असायला हवे होते. टेक्स्ट प्रकार बसवून चाचणी पुन्हा घेतली आणि ई शाबूत उमटला.

ओळीत बसवणे

देवनागरी १४ पॉइंट आणि ओळींमधले अंतर १९ पॉइंट ठेवले. त्यात रोमन १४ ला फार मोठे, १२ ला किंचित मोठे आणि ११ ला बरोबर बसले. अकरा पॉइंटला कॅपिटल अक्षराचा माथा शिरोरेषेच्या थोडा खाली राहत होता आणि लहान अक्षरे क, म, स यांच्या अंगाच्या मध्याच्या थोडी वर येत होती. कॅपिटलचा माथा शिरोरेषेला नेमका भिडवावा असे काही जुळणीकार मानतात. मी तसे करून पाहिले. दोन्ही रेषा एका पातळीवर आल्या की शिरोरेषा कॅपिटलमध्ये शिरल्याचा भास होतो आणि शब्द कुठे संपला ते कळायला क्षणभर वेळ लागतो. थोडे खाली असणेच बरे.

कंसाचा त्रास वेगळाच होता. शास्त्रीय नाव कंसात येते, नाव तिरपे आणि कंस सरळ. तिरप्या डी किंवा एफ चा माथा बंद होणाऱ्या कंसावर आदळत होता. कंस भोवतालच्या मराठीचा धरायचा, रोमनचा नाही, असा नियम केला आणि बंद कंसापूर्वी एक अगदी बारीक जागा सोडली. शास्त्रीय नावातला कोणताही शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा नाही आणि तोडायचीच वेळ आली तर दोन शब्दांच्या मधेच, असेही ठरले. त्यामुळे काही ओळी थोड्या विरळ पडल्या. ते मी चालवून घेतले.

निवडलेल्या देवनागरीला ठळक वजन नव्हते. माशाचे मुख्य नाव ठळक हवे असा कार्यवाहांचा आग्रह होता, आणि तो रास्त होता. संगणकाकडून कृत्रिम ठळकपणा आणला की जाड-बारीक रेषांचा हिशेब बिघडतो आणि जोडाक्षरांची पोटे बुजतात, म्हणून 'बोंबील', 'सुरमई', 'रावस' ही नावे त्याच अक्षरात १८ पॉइंटला, स्वतंत्र ओळीवर, वर थोडी मोकळी जागा सोडून दिली. जुन्या पुस्तकांत शीर्षशब्द असाच मापाने वेगळा काढलेला मी पाहिला होता. बाईंना ते लगेच पटले.

तिसऱ्या आणि दर्या

तांडेलांची तक्रार रोमनशी संबंधित नव्हती, पण तिला बाजूला ठेवून या पुस्तकाच्या अक्षरांविषयी काही लिहिणे अपुरे होईल. सभासदांनी जमवलेल्या काही नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. त्यांचे रूपांतर करताना 'ऱ्य' मधला चंद्रकोरीसारखा र नाहीसा झाला आणि सगळीकडे रफार आला. 'तिसऱ्या' चे 'तिसर्या' झाले, 'खाऱ्या वाऱ्याला' चे 'खार्या वार्याला'. युनिकोडमध्ये हा र वेगळा आहे. साध्या र ला हलन्त देऊन य जोडला तर रफार मिळतो, आणि ऱ ला हलन्त देऊन य जोडला तर आपल्याला हवे ते रूप मिळते. रूपांतर करणाऱ्या साधनाला हा भेद सांगितलेला नव्हता.

सगळे 'र्य' एका फटक्यात बदलणे शक्य नव्हते, कारण 'दर्या' मधला रफार बरोबरच आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या घळी. आमच्या मुलखात हे दोन्ही शब्द एकाच नोंदीत येऊ शकतात, आणि खाडीच्या मुखाशी मिळणाऱ्या एका माशाच्या वर्णनात ते खरोखर आले होते. शेवटी तांडेल आणि मी समोरासमोर बसून एकेक जागा पाहिली. ते शब्द उच्चारत गेले, मी खूण करत गेलो. चष्मा पुसायला ते मधून मधून थांबत, पण त्यांच्या नजरेतून एकही जागा सुटली नाही. पाऊस कौलांवर वाजत होता आणि ओसरीवर दुरुस्तीला काढलेली जाळी पसरली होती. त्या दुपारी वगळण्याच्या, वाढवण्याच्या आणखी कितीतरी गोष्टी त्यांनी सांगितल्या आणि त्याप्रमाणे पुस्तकात बदल झाले.

चाचणी आणि छपाई

जुळवलेला दुसरा फॉर्मा मी त्याच कागदावर, त्याच यंत्रावर छापून घेतला. लेझर प्रिंटरचे पान पाहून निर्णय घेणे अशा कामात फसवे ठरते, कारण तिथे शाई पसरत नाही. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा घेतो, कडांना लाटा येतात आणि यंत्रात तो सरळ जात नाही. छापखान्याने रिमे दोन दिवस आधी उघडून यंत्राच्याच खोलीत ठेवली, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली.

तिन्ही वाचकांना तोच फॉर्मा वाचनालयाच्या खिडकीपाशी, ढगाळ दुपारी, दिवा न लावता वाचायला दिला. बाईंना ठिपके दिसले नाहीत. दोन पाने उलटल्यावर त्या म्हणाल्या, "आता इंग्रजी आहे हे वाचायला घेतल्यावरच कळते," आणि मला हवे होते ते नेमके हेच. विद्यार्थिनीने स्फिर्ना पहिल्या वाचनात बरोबर वाचली. तांडेलांनी रोमन नावांकडे पाहिलेच नाही. ते सरळ माशांची नावे वाचत गेले आणि तिसऱ्यांच्या नोंदीवर मान डोलावून पुढे सरकले.

पुस्तक ठरल्या दिवशी आले. त्यात एक दोष राहिला आहे आणि तो माझा आहे. शेवटच्या सूचीत जागा वाचवण्यासाठी मी शास्त्रीय नावे ९ पॉइंटला घेतली. मजकुरात ११ पॉइंटला भरदार उमटणारे कॅसलनचे इटॅलिक ९ पॉइंटला विरळ पडले आणि सूची मजकुरापेक्षा फिकी दिसते. मुख्य पाने तपासण्याच्या नादात सूचीच्या फॉर्म्याची चाचणी मी घेतली नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत सूची १० पॉइंटला करायची, त्यासाठी ४ पाने वाढतील, असे मी कार्यवाहांना लिहून दिले आहे. त्यांनी वाढीव पानांचा खर्च मान्य केला आहे आणि नव्या नोंदी घ्यायला पुढच्या मासेमारीबंदीत पुन्हा बसायचे ठरले आहे.